मांडीच्या हाडाचा कॅन्सर : पाय ठेवायचा की काढायचा, हे कशावरून ठरतं?

हिंगणघाटहून एका मामांनी विचारलं आहे. भाचा १४ वर्षांचा. डाव्या गुडघ्याच्या जरा वर तीन महिने दुखत होतं, रात्री जास्त. खेळताना मुरगळलं असेल म्हणून आधी तेल लावून मालिश झाली. सूज वाढल्यावर एक्स-रे, मग नागपुरात एमआरआय आणि सुईची बायोप्सी. रिपोर्ट आला ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचाच कॅन्सर. छातीच्या सीटीत काही नाही. एका डॉक्टरांनी मांडीतून पाय काढायला सांगितलं. दुसरे म्हणाले, आधी केमो देऊ, मग तेवढं हाड काढून धातूचा सांधा बसवू. मामांना तीन गोष्टी हव्या आहेत : पाय ठेवला तर जिवाला धोका वाढतो का, सांधा किती टिकतो, आणि हे नागपुरात होईल की मुंबई गाठावी लागेल.

मामा, घरोघरी हा प्रश्न ‘पाय की जीव’ असाच मांडला जातो. तो तसा नाही. या आजारात जीव जातो तो बहुतेक वेळा फुप्फुसात पोचलेल्या पेशींमुळे, पायातल्या गाठीमुळे क्वचितच. निदान होतं तेव्हा सीटी स्वच्छ असला, तरी त्यात न दिसणाऱ्या पेशी बऱ्याच मुलांच्या रक्तावाटे फुप्फुसात गेलेल्या असतात. केमो नव्हती त्या काळात लगेच पाय काढूनही पाचातली चार मुलं दगावायची, ती यामुळेच. आज छाती सुरुवातीला स्वच्छ असेल, केमो पूर्ण झाली आणि गाठ नीट निघाली, तर साधारण ६० ते ७० टक्के मुलं वाचतात. गाठ निरोगी थरासकट काढता आली, तर पाय ठेवलेल्या आणि पाय काढलेल्या रुग्णांचं जगण्याचं प्रमाण जवळपास सारखं राहतं. त्याच जागी गाठ परत येण्याची शक्यता पाय ठेवल्यावर थोडी जास्त असते. ती शक्यता किती, हे वरचा थर किती चांगला मिळाला आणि केमोचा परिणाम किती झाला यावर अवलंबून असतं.

म्हणून मी दोन प्रश्न विचारतो. गाठ न फोडता, तिच्यावर निरोगी मांसाचं अखंड आवरण ठेवून ती बाहेर काढता येईल का? आणि काढल्यावर जो पाय उरेल, तो चालण्याच्या कामाचा असेल का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर पाय ठेवावा. पहिल्याचंच नाही असेल, तर पाय काढावा, कितीही जड गेलं तरी. तुमच्या दोन डॉक्टरांचं मत वेगळं का पडलं, ते मला एमआरआय न बघता सांगता येणार नाही. पण त्या एमआरआयमध्ये काय बघायचं, ते सांगतो.

एमआरआय गुडघ्यापुरता काढलेला असेल तर तो अपुरा आहे. खुब्यापासून गुडघ्यापर्यंत पूर्ण मांडीचं हाड दिसायला हवं, कारण मुख्य गाठीपासून दूर, त्याच हाडात वर एखादा वेगळा ठिपका असू शकतो. तो राहिला तर सगळं ऑपरेशन वाया जातं. हाड कुठे कापायचं, हे मज्जेत गाठ कुठवर गेली त्यावरून ठरतं. तिथून साधारण २ ते ३ सेंमी वर कापतात. त्यानंतर गुडघ्यामागची रक्तवाहिनी बघायची. गाठ आणि रक्तवाहिनी यांच्यात चरबीची पातळ रेघ दिसत असेल तर बहुतेक वेळा पाय ठेवता येतो. एकट्या धमनीला गाठीने वेढलं असेल, तर तो तुकडा काढून दुसऱ्या पायातली शीर जोडता येते. पण धमनी आणि पायाची मोठी नस (मज्जातंतू) दोन्ही गाठीत अडकल्या असतील, तर ठेवलेल्या पायात ना जान राहील ना ताकद. गाठ गुडघ्याच्या सांध्यात शिरली आहे का, हेही बघावं लागतं. शिरली असेल तर सांधा न उघडता, वरखाली कापून अख्खा काढावा लागतो.

बायोप्सीबद्दल सविस्तर लिहितो, कारण पाय जाण्याचं एक टाळता येण्यासारखं कारण तिथेच असतं. सुई ज्या वाटेने गेली ती वाट कॅन्सरच्या पेशींनी दूषित झाली, असं धरूनच चालावं लागतं. ती वाट, वरच्या त्वचेसकट, शेवटच्या ऑपरेशनमध्ये गाठीबरोबर एकसंध निघायला हवी. म्हणजे सुई नेमकी त्या रेषेत जायला हवी, जिथे सर्जन पुढे छेद घेणार आहे. म्हणून जो सर्जन ऑपरेशन करणार, त्यानेच बायोप्सी करावी किंवा जागा तरी त्याने आखून द्यावी. भलत्या बाजूने, आडवा छेद घेऊन केलेली बायोप्सी, आत साचलेलं रक्त, किंवा हाड आपोआप मोडलं म्हणून कॅन्सर न ओळखता आत घातलेली सळई, यांनी पेशी मांडीभर पसरतात. सळईने तर मज्जेची पूर्ण नळी दूषित होते. तुमच्याकडे सुईची बायोप्सी झाली आहे, हे चांगलं. सुईचा डाग कुठे आहे, त्याचा आजच मोबाईलवर फोटो काढून ठेवा. केमोच्या दहा आठवड्यांत तो डाग पुसट होतो आणि नंतर सर्जनला शोधत बसावं लागतं.

यापुढे मालिश, शेक, आवळून बांधलेला पट्टा, पाला, काहीही त्या जागी नको.

केमो आधी आणि केमो नंतर, असा क्रम असतो. मुख्य औषधं डॉक्सोरुबिसिन आणि सिस्प्लॅटिन. त्यांच्या जोडीला मोठ्या मात्रेत मेथोट्रेक्सेट किंवा आयफॉस्फामाइड. मोठ्या मात्रेतल्या मेथोट्रेक्सेटला रक्तातली पातळी वारंवार मोजावी लागते, म्हणून आपल्याकडे अनेक ठिकाणी त्याशिवायचा प्रोटोकॉल (औषधांचा ठरलेला क्रम) चालतो. त्याला कमी दर्जाचा समजू नका. ऑपरेशनआधीची केमो साधारण ८ ते १२ आठवडे. या काळात गाठीच्या कडा आवळतात, सांधा मागवायला वेळ मिळतो, आणि काढलेली गाठ तपासल्यावर किती टक्के पेशी मेल्या ते कळतं. ९० टक्के किंवा त्याहून जास्त मेल्या असतील तर ते चांगलं लक्षण. केमो चालू असताना दुखणं कमी व्हायला हवं. दुखणं आणि सूज वाढतच असेल तर पुढच्या फेरीची वाट न बघता एमआरआय परत करायला सांगा.

पहिल्या फेरीआधी तीन गोष्टी करून घ्या. हृदयाचा टू-डी इको आणि कानाची तपासणी, कारण ही औषधं त्यांना इजा करू शकतात. दुसरं, मुलगा वयात आला असेल तर वीर्य गोठवून ठेवण्याबद्दल विचारा. १४ वर्षांच्या मुलाजवळ हा विषय काढायला घरच्यांना संकोच वाटतो, पण केमो सुरू झाल्यावर ती संधी राहत नाही. तिसरं आपल्या विदर्भापुरतं : सिकलसेलची तपासणी. आपल्याकडे तो आजार पुष्कळ घरांत आहे, आणि कितीतरी जणांना वाहक असल्याचं माहीतच नसतं. सिकलसेल असेल तर भूल, रक्त, पाण्याचं प्रमाण, मांडीला आवळपट्टा बांधायचा की नाही, सगळ्याचं नियोजन बदलतं. शिवाय सिकलसेलमध्ये हाडाचा भाग मरून किंवा त्यात जंतुसंसर्ग होऊन एक्स-रेमध्ये गाठीसारखं चित्र दिसू शकतं, तेव्हा पॅथॉलॉजिस्टलाही ही माहिती हवी.

आता ऑपरेशन. मांडीच्या आतल्या बाजूने लांब उभा छेद घेतात. बायोप्सीचा डाग लंबगोल त्वचेसकट गाठीलाच चिकटलेला ठेवतात. सगळ्यात आधी गुडघ्यामागची धमनी आणि शीर सोडवतात, त्यांच्या गाठीकडे जाणाऱ्या फांद्या एकेक बांधून. निर्णय खरा इथे होतो. रक्तवाहिनी सुटली तर पुढे जायचं. एमआरआयला दिसलं नव्हतं पण ती गाठीत रुतलेली निघाली, तर धोका न पत्करता पाय काढावा लागू शकतो. त्यासाठी आई-वडिलांची आणि मुलाची संमती आधीच घेतलेली असायला हवी. मग हाडाला लागून असलेला स्नायूचा थर गाठीवरच राहू देऊन बाकीचे स्नायू बाजूला करतात, ठरलेल्या मापावर हाड कापतात, आणि वरच्या कापलेल्या टोकातली मज्जा लगेच तपासायला पाठवतात. ती स्वच्छ असल्याचं कळल्यावर नडगीच्या हाडाचा वरून पातळ काप घेऊन सांधा बसवतात. सांध्याचे दांडे वर मांडीच्या आणि खाली नडगीच्या हाडाच्या पोकळीत बहुतेक वेळा सिमेंटने पक्के करतात. गुडघ्याच्या भागात बिजागरी असते, कारण सांधा धरून ठेवणारे बंध गाठीबरोबर गेलेले असतात. शेवटी पावलावरची नाडी तपासतात. त्वचा ताणली जात असेल तर पोटरीचा स्नायू फिरवून धातूवर झाकण घालतात.

जंतू शिरण्याची भीती सगळ्यात जास्त याच टप्प्यानंतरच्या आठवड्यांत. जखम भरून केमो परत सुरू व्हायला साधारण तीन आठवड्यांपेक्षा जास्त उशीर नको, पण जखम ओली असताना पांढऱ्या पेशी खाली गेल्या तर धातूवर जंतू बसतात आणि मग केमो थांबवावी लागते. म्हणून ऑपरेशन सफाईदार आणि झाकण भक्कम असणं, सांधा कुठल्या कंपनीचा आहे यापेक्षा महत्त्वाचं. मामा, चौकशी करताना लोक सांध्याचीच करतात. तुम्ही झाकणाची करा.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : दहा वर्षांनंतर बहुतेक सांधे जागेवर असतात, पण दहातल्या दोन-तीन जणांना तरी तोपर्यंत काही ना काही दुरुस्तीचं ऑपरेशन लागलेलं असतं. बिजागरीतलं प्लॅस्टिकचं बुश झिजतं, दांडा सैल होतो, कधी तो मोडतो, कधी जंतू होतो. बुश बदलणं सोपं. जंतू झाला तर सांधा काढून, काही आठवडे प्रतिजैविक मिसळलेलं सिमेंट आत ठेवून, मग नवा बसवावा लागतो, आणि तेही न जमल्यास पाय काढण्याची वेळ येते. चौदाव्या वर्षी बसवलेल्या सांध्याची दुरुस्ती आयुष्यात एकदा तरी होणार, हे धरून चला. दाताचा पू, पायाची जखम, लघवीचा संसर्ग अंगावर काढायचा नाही. धातूपर्यंत जंतू रक्तातून वर्षांनंतरही पोचतात.

या पायाने तो चालेल, जिने चढेल, सायकल चालवेल, शाळेत जाईल. धावणं, कबड्डी, उड्या नाहीत. उकिडवं बसणं नाही, मांडी घालून पंगतीत बसणं नाही, तेव्हा घरी कमोड लागेल. शेतात निंदण-वखरणाची कामं त्याला सांगू नका.

वाढीचा हिशेब बरेचदा भीती वाढवतो, म्हणून मांडून दाखवतो. मांडीच्या हाडाची वाढ मुख्यत्वे गुडघ्याजवळच्या वाढीच्या पट्टीतून होते, वर्षाला साधारण १ सेंमी. मुलांमध्ये ती सोळाव्या वर्षाच्या आसपास थांबते, मुलींमध्ये चौदाव्या. तुमच्या भाच्याची ती पट्टी गाठीबरोबर जाणार, म्हणजे दोन वर्षांची सुमारे २ सेंमी वाढ बुडेल. नडगीच्या वरच्या टोकाची वाढ वर्षाला ६ मिमीच्या आसपास, तिच्यातलीही थोडी जाईल. सांधा बसवतानाच पाय साधारण १ सेंमी लांब ठेवतात आणि उरलेलं बुटाच्या टाचेत भरून निघतं. म्हणजे मुलाच्या वाढीबरोबर लांबवता येणारा महागडा सांधा त्याला बहुधा लागणार नाही. हाताच्या पंजाचा एक्स-रे काढून हाडाचं वय बघितलं की हे नक्की होईल. हाच आजार आठ वर्षांच्या मुलाला असता तर हिशेब वेगळा झाला असता.

त्या वयासाठी, आणि काही मोठ्या मुलांसाठीही, आणखी एक शस्त्रक्रिया आहे, रोटेशनप्लास्टी. गाठ असलेला मांडी-गुडघ्याचा भाग त्वचेसकट काढतात, मोठी नस शाबूत ठेवतात, आणि खालचा पाय १८० अंशात फिरवून वर जोडतात. घोटा गुडघ्याच्या जागी येतो, पाऊल मागे वळलेलं राहतं आणि त्यावर कृत्रिम पाय बसवतात. बघायला पहिल्यांदा धक्का बसतो. पण आत धातू नाही, पुढे दुरुस्ती नाही, आणि ही मुलं पळतात, खेळतात. आपल्याकडे कुटुंबं दिसण्यापायी नाही म्हणतात आणि डॉक्टरही फारसं सुचवत नाहीत. ज्याला मैदान सोडवत नाही, त्याला या शस्त्रक्रियेची माहिती न देणं मला अन्यायाचं वाटतं. अशी शस्त्रक्रिया झालेल्या मुलाचा चालतानाचा व्हिडिओ भाच्याला दाखवायला सांगा, मग ठरवा.

स्वतःचंच हाड वापरायचीही पद्धत आहे. गाठीचं हाड काढून, साफ करून, ५० ग्रे (किरणांच्या मात्रेचं माप) किरणांचा एकच डोस देऊन किंवा उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये साधारण २० मिनिटं बुडवून परत बसवतात. गाठ हाडाच्या मधोमध असेल, सांधा वाचत असेल आणि हाड पोखरलेलं नसेल तर हा पर्याय उत्तम. गुडघ्याला टेकलेल्या गाठीत त्याचा उपयोग कमी, आणि जोड सांधायला अनेक महिने जातात, तोवर वजन टाकता येत नाही.

पाय काढण्याबद्दलही नीट बोलायला हवं. रक्तवाहिनी-नस दोन्ही अडकणं, गाठ फुटून जखम चिघळणं, केमोवर गाठ वाढत राहून आवरण न मिळणं, ही त्याची खरी कारणं. हाड मोडलं म्हणून लगेच पाय काढायचा नसतो. केमोवर ते जुळून आलं तर पाय ठेवता येतो. गाठ गुडघ्याच्या वर असल्याने कापण्याची जागा त्याहून बरीच वर येते, आणि उरलेली मांडी जितकी आखूड तितका कृत्रिम पाय सांभाळणं अवघड. तरीही जखम लवकर भरते, केमो वेळेवर सुरू होते, पुढची ऑपरेशनं कमी लागतात. नसलेल्या पायात दुखतंय असं वाटणं हा भास नसून खरा त्रास आहे आणि त्याला औषध आहे, ते मुलाला आधीच सांगावं. नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये सॉकेटमध्ये (कृत्रिम पायाच्या वाटीत) घाम साचून कातडी सोलते. रोज धुणं, आतला मोजा दिवसातून दोनदा बदलणं, दुपारी तासभर कृत्रिम पाय काढून ठेवणं, एवढं पाळावं लागतं. पाय काढायला सांगणाऱ्या डॉक्टरांना एवढंच विचारा : ‘कुठली रचना सोडवता येत नाही?’ त्यांनी फिल्मवर बोट ठेवून धमनी-नस दाखवली, तर त्यांचं म्हणणं गांभीर्याने घ्या. ‘उगाच धोका कशाला’ एवढंच उत्तर मिळालं तर दुसरं मत घ्याच.

इथवरचं एका दमात सांगायचं तर : केमो आधी, एमआरआय परत, मग रक्तवाहिनी आणि आवरण बघून निर्णय. १४ वर्षांच्या मुलाला गुडघ्याजवळच्या गाठीत बहुतेक वेळा पाय ठेवता येतो.

हाच प्रश्न घेऊन वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं. नडगीच्या वरच्या टोकाला गाठ असेल तर पोटरीचा स्नायू फिरवून त्यालाच गुडघ्याच्या वाटीचा स्नायूबंध शिवतात आणि चार ते सहा आठवडे गुडघा सरळ ठेवतात. घाई करून वाकवला तर पाय स्वतःहून सरळ होत नाही. तिथे जंतूचं प्रमाणही जास्त. घोट्याजवळच्या गाठीत गुडघ्याखालून पाय काढणं अनेकदा जास्त सोयीचं, कारण तो कृत्रिम पाय फार चांगला चालतो. दंडाच्या वरच्या टोकात हात ठेवण्याचा प्रयत्न शक्य तितका करावा. खांदा वर उचलणार नाही, पण कोपर आणि पंजा चालला तर माणूस जेवतो, लिहितो, मोबाईल वापरतो, आणि कुठलाही कृत्रिम हात तेवढं देत नाही. पोटरीच्या बाजूचं बारीक हाड काढून टाकलं तर बदली काही लागत नाही. युइंग सार्कोमा या हाडाच्या दुसऱ्या प्रकारच्या कॅन्सरला किरणं लागू पडतात, म्हणून तिथे पर्याय जास्त. त्यात ताप आणि सूज येत असल्याने तो हाडातला पू समजून चिरला जातो, हे ध्यानात ठेवा. चाळिशीनंतरच्या कॉन्ड्रोसार्कोमाला (कूर्चेच्या पेशींच्या कॅन्सरला) केमो सहसा लागू पडत नाही, तिथे पहिलं ऑपरेशनच सगळं काही. स्तन, फुप्फुस, थायरॉइड यांचा कॅन्सर हाडात उतरला असेल तर तो विषय निराळा.

नागपूर की मुंबई? केमो नागपुरात होऊ शकते. एम्स, जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, तुकडोजी रुग्णालय, मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), जिथे जाल तिथे तीन गोष्टी विचारा : हाडांच्या गाठींचं काम नियमित करणारा सर्जन आहे का, केमो देणारे आणि सर्जन एकत्र बसून केस ठरवतात का, रक्तवाहिनीचा आणि प्लास्टिक सर्जन हाताशी आहे का. यातलं काही नसेल तर ऑपरेशनसाठी परळचं टाटा मेमोरियल गाठा. बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड (मेणात जपलेले तुकडे आणि काचपट्ट्या) सोबत न्या, नुसता कागद चालत नाही. टाटाशी जोडलेल्या ‘नव्या’ सेवेमार्फत कागदपत्रांवरून ऑनलाइन मतही मागवता येतं. केमो इथे आणि ऑपरेशन तिथे असं ठरलं, तर ऑपरेशनची तारीख दुसऱ्या फेरीच्या वेळीच घ्या. शेवटच्या फेरीनंतर साधारण तीन आठवड्यांत ऑपरेशन व्हायला हवं. तारीख न मिळाल्याने महिना वाया गेला तर केमोने कमावलेलं निसटतं.

पैशांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या कक्षातल्या आरोग्यमित्रांना भेटा. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण मंजुरी ऑपरेशनआधी लागते. त्या पॅकेजात सांध्याची किंमत धरली आहे का, हे स्पष्ट विचारून घ्या. देशी आणि आयात सांध्यांच्या किमतीत कित्येक पटींचा फरक असतो, आणि अनुभवी हातांनी बसवलेला देशी सांधा या कामाला पुरेसा आहे. उरलेल्या रकमेसाठी मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज रुग्णालयाच्या खर्चपत्रकासह करता येतो. कॅन्सर रुग्णाला रेल्वेभाड्यात सवलत आहे, त्याचा फॉर्म रुग्णालयातून मिळतो.

पहिली केमो लागेपर्यंत आणि नंतरही, गाठीने पोखरलेलं ते हाड साध्या घसरण्याने मोडू शकतं. आजच मांडीपासून पोटरीपर्यंतचा लांब ब्रेस आणि दोन कुबड्या आणा. बाथरूममध्ये एकट्याला जाऊ देऊ नका, डावा पाय नुसता टेकवायचा, वजन टाकायचं नाही. एमआरआयची सीडी आणि सुईच्या डागाचा फोटो घेऊन या आठवड्यातच सर्जनला भेटा, आणि भाच्याला त्या खोलीत सोबत बसवा.